तव्यावर काय उरतं

संपादकांनी 'आंबवलेल्या पदार्थांचे फायदे' असा विषय दिला. अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा फायद्यांची यादी मी केव्हाही देऊ शकेन. पण त्याआधी एका गैरसमजाचा सोक्षमोक्ष लावायला हवा. पुण्यातल्या एका गाजणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये भाचीबरोबर ब्रंचला गेले होते. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

मेनूत नाचणीचं वॉफल होतं, ठेच्याचं लोणी लावलेला सावरडो पाव होता आणि ठळक अक्षरांत 'प्रोबायोटिक आंबोळी बेनेडिक्ट'. ते आम्ही मागवलं. एग्ज बेनेडिक्टमधल्या मफिनऐवजी वाटीएवढ्या दोन आंबोळ्या, त्यांवर काळ्या वाटाण्याचा घट्ट रस्सा, वर पाण्यात सोडून शिजवलेली अंडी आणि कोकमाच्या आगळाने गुलाबीसर झालेला हॉलंडेज सॉस. सुरी लावली तसा बलक फुटून आंबोळीच्या जाळीत मुरला. मफिन इतका बलक धरत नाही. ज्याला हे सुचलं त्याला आंबोळी कळली आहे, हे मी मनापासून सांगते.

माझी तक्रार आहे ती 'प्रोबायोटिक'बद्दल. तांदूळ-उडदाचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हा पहिली कामगिरी ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जिवाणूची. तो उडदाबरोबरच येतो, साखरेपासून लॅक्टिक आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही तयार करतो, म्हणून पीठ फुगतं. आंबटपणा वाढला की तो मागे पडतो आणि पेडिओकॉकससारखे आम्ल सोसणारे जिवाणू पुढे येतात. मेथीतला डिंक हवा धरून ठेवतो. हे सगळं खरं, सुंदर आणि जिवंत आहे, पण फक्त पातेल्यात. बिडाच्या तव्यावर पीठ पडलं, जाळी सुटली, म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडलं. त्या उष्णतेत हे जिवाणू टिकत नाहीत. सावरडोचं तेच. भट्टीतून निघालेल्या पावाच्या पोटात नव्वद अंशांच्या वर तापमान गेलेलं असतं.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने पोटात गेलेले, आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी तशी व्याख्या केली. आपल्याकडे अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयच्या पूरक आहाराच्या नियमांत रोजच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणूंची अट आहे. शिवाय नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' म्हणून भागत नाही. फायदा सिद्ध होतो तो एका ठरावीक वाणाचा. मृत जिवाणूंच्या गुणांवरही काम चालू आहे, 2021 मध्ये 'पोस्टबायोटिक'ची व्याख्या प्रसिद्ध झाली. पण तो वेगळा दावा आहे आणि त्यालाही वेगळा पुरावा लागतो. आंबवल्याने धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह-जस्त अंगी लागायला मदत होते. आंबोळीला एवढा मान पुरेसा आहे. तिच्यावर खोटा दागिना कशाला चढवायचा?

हे मी वर्षानुवर्षं सांगते आहे. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन इडलीला प्रोबायोटिक म्हणतात. थकायला होतं. पण या वेळी अस्वस्थ झाले ते दुसऱ्याच कारणाने.

त्या ताटात जिवंत जिवाणू असण्याची खरी शक्यता होती ती सॉसमध्ये. हॉलंडेज म्हणजे अंड्याचा बलक, लोणी आणि आंबट. फार तापवलं की बलकाच्या गाठी होतात, फार निवलं की लोणी थिजून सॉस फुटतो. म्हणून स्वयंपाकघरात तो कोमट ठेवतात, आणि विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला जिवाणूला वाढायला कोमटच हवं असतं. साल्मोनेला एन्टेरिटिडिस कोंबडीच्या अंडाशयातून कवच बनण्याआधीच अंड्यात शिरू शकतो, त्यामुळे कवच कितीही धुतलं तरी खात्री नाही. कोकमाच्या आंबटाईने थोडा आळा बसतो, पण चवीपुरत्या आगळावर भरवसा ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये 1988 साली अंड्यांतल्या साल्मोनेलाबद्दलच्या विधानावरून मंत्री एडविना करी यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे कोंबड्यांना लस देणं सुरू झालं, आणि 2017 मध्ये तिथे लस दिलेल्या कोंबड्यांची, 'लायन' शिक्क्याची अंडी गर्भवतींनी अर्धकच्ची खायला हरकत नाही असा सल्ला निघाला. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या अंड्यामागची कोंबडी लस घेतलेली होती का, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही.

भाचीला सहावा महिना आहे. सॉस कधी केला, असं मी विचारलं. "सकाळी, मॅडम," वेटर म्हणाला. तेव्हा पाऊण वाजला होता. मी तिची बशी बाजूला घेतली आणि पूर्ण शिजलेलं ऑम्लेट मागवलं. "मावशी, प्रोबायोटिक आहे म्हणूनच मागवलं होतं ग," ती म्हणाली. एरवी जपून खाणारी ही मुलगी, त्या एका शब्दाने निर्धास्त झाली होती.

तरुण शेफ स्वतः बाहेर आला आणि त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाश्चराइज केलेला बलक वापरा, सॉस थोडाथोडा करा, दोन तासांनी उरेल तो टाकून द्या, भांड्यात थर्मामीटर ठेवा, हे त्याने फोनमध्ये टिपलं. गर्भवतींसाठी मेनूत एक ओळ घालायलाही तयार झाला. 'प्रोबायोटिक' काढाल का, असं विचारलं तेव्हा मात्र म्हणाला, "ते मालकांना विचारावं लागेल, मॅडम. त्याच्यामुळेच ती डिश चालते."