हाती पडणारा आकडा

मराठीत कमाईसाठी शब्दांची वानवा नाही. 'वेतन' संस्कृतातून आले, 'तनखा' आणि 'मुशाहिरा' फारसीच्या वाटेने आले, आणि अगदी घरचा वाटणारा 'पगार' पोर्तुगिजांकडून. तरीही सगळ्या कपाती होऊन उरणाऱ्या रकमेला आपल्याकडे एकशब्दी नाव नाही. कार्यालयीन कागद तिला 'निव्वळ वेतन' म्हणतो, तरुण मुले 'इन हँड' म्हणतात, आणि आमच्या मुळशी तालुक्यातील जुनी माणसे विचारतात, "हातात किती पडतात?" मला हा तिसरा प्रयोग सर्वांत अचूक वाटतो. वरून निघालेले सगळेच खालच्या ओंजळीत पोहोचत नाही, हे त्या 'पडतात'मध्ये गृहीत धरलेले आहे.

मागच्या उन्हाळ्यात ताम्हिणीच्या बाजूच्या एका गावातला माझा माजी विद्यार्थी नोकरीचे पत्र घेऊन वडिलांसह घरी आला. नोकरी हिंजवडीत. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते; पण त्याच्या गावाहून रोज जाऊन-येऊन करणे अशक्य, म्हणजे खोली आणि खानावळ आलीच. पत्रावर वर्षाचा आकडा होता 3,60,000 रुपये. घरच्यांनी त्याला बाराने भागून महिना 30,000 धरले होते आणि त्या भरवशावर घरावर स्लॅब टाकण्यासाठी कर्ज ठरवले होते. हप्ता 12,000. "सर, परवा बँकेत सही करायचीय. त्याआधी एकदा नजर टाका," तो म्हणाला.

कथा वाचताना निवेदक कोण आहे हे आधी ओळखावे, असे आपण सारेच वर्गात सांगतो. त्या पत्राचा निवेदक कंपनी होती. 'सीटीसी' हा आकडा माणूस मालकाला केवढ्याला पडतो ते सांगतो. माणसाला काय मिळते ते सांगत नाही. पुढच्या पानावरच्या बारीक तक्त्यात मूळ वेतन 15,000 होते. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा; तो 30,000 मध्येच धरलेला होता. उपदानापोटी, म्हणजे ग्रॅच्युइटीपोटी, 721 रुपये. कामगिरी पाहून वर्षअखेर द्यावयाचे महिन्याला 3,000. हे वजा केल्यावर ढोबळ पगार 24,479 उरला. त्यातून मुलाचा स्वतःचा निधीतील वाटा 1,800 आणि व्यवसाय कर 200. आयकराचा रकाना कोराच, कारण 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला 12,75,000 रुपयांपर्यंत आयकर भरावा लागत नाही. हाती पडणार होते 22,479.

त्याने खोली-खानावळीचे 8,000 आणि हप्त्याचे 12,000 मांडले. महिनाअखेरीला उरत होते 2,479, आणि धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा खर्च अजून मांडायचाच होता.

"मग साडेसात हजार गेले कुठं?" वडिलांनी विचारले. त्यांच्या स्वरातला संशय मला परका वाटला नाही. याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. तेव्हा मावळ्यांच्या अनेक जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. मोबदल्याचा आकडा कागदावर कितीही असो, कसणाऱ्याच्या हातात काय पडेल हा प्रश्न तेव्हाही होता. इथल्या माणसाने कागदावरच्या आकड्याकडे साशंक होऊन पाहिले, तर ते अडाणीपण समजू नये.

पण या वेळी उत्तर देता येत होते. 7,521 पैकी 3,600 रुपये त्यांच्या मुलाच्याच नावे निधीत आणि निवृत्तिवेतनात जमा होणार होते. 721 साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी केली तर मिळणार होते. 3,000 मिळतीलच याची हमी नव्हती. त्यांच्यावर हप्ता उभारणे धोक्याचे होते. सरकारकडे जाणारे फक्त 200. ते ऐकून वडील म्हणाले, "म्हणजे गेले थोडे, अडकले जास्त." 'स्थगित लाभ' या कार्यालयीन शब्दप्रयोगाचे इतके चांगले भाषांतर मी वाचलेले नाही. त्यांनी स्लॅबचा बेत सोडून पत्रे बदलायचे ठरवले. हप्ता 6,000 वर आला.

त्या 200 रुपयांविषयी मात्र थोडे बोलले पाहिजे, कारण पगारपत्रकात ज्याला आपला इतिहास आहे असा तो रकाना आहे. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. महाराष्ट्राचा व्यवसाय कर 1975 सालचा, आणि त्याचे उत्पन्न या योजनेसाठी वळवले गेले. शहरातल्या पगारदाराने रानातल्या मजुराच्या कामाचा भार थोडा उचलावा, हा त्यामागचा विचार. राज्यघटनेने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे; म्हणून अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300. त्या मुलाचे आजोबा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जात, असे वडिलांनीच सांगितले. नातवाच्या पगारातून कापले जाणारे 200 रुपये आजोबांच्या मजुरीशी असे जोडलेले आहेत, हे ऐकून दोघेही क्षणभर गप्प झाले.

कपात म्हटली की आपण तोटा समजतो. माझ्या स्वतःच्या पगारपत्रकातही मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के निवृत्तिवेतनासाठी कापले जातात; 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांचा हा रकाना. त्यातून उद्या नेमके किती येतील याची खात्री नाही आणि जुन्या निवृत्तिवेतनासाठीचा मार्च 2023चा संप त्याच खात्रीसाठी होता. तक्रार रास्त आहे. परंतु आमच्या शिक्षक-कक्षात माझ्या शेजारी तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी बसतात. तेच वर्ग, तीच पुस्तके, अनेकदा माझ्याहून सरस वाचन. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर मोजले जाते, सुट्टीत ते थांबते, आणि त्यांच्या कागदावर निधीचा रकानाच नसतो. ढोबळ आणि निव्वळ यांत अंतर जवळपास नाही. ठरलेले बहुतेक सगळे हातात पडते. उद्यासाठी मात्र त्यातून कुठेच काही साठत नाही.