भरवशाचा माल

दूरच्या ग्राहकाला वस्तू हाती घेऊन पारखता येत नाही, म्हणून ती पारखण्याची जबाबदारी त्याच्या वतीने माझ्यासारख्या ऑनलाइन विक्रेत्यावर येते, हे दिवसेंदिवस मला अधिकच पटत चालले आहे. आज एका कारागिराच्या ओसरीवर बसून कोल्हापुरी चपलेचा जोड न्याहाळला, तेव्हा बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा उग्र दर्प आणि खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण यांनी, कोणत्याही दरपत्रकाने दिली नसती अशी ग्वाही दिली. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र व कर्नाटकातील चार-चार जिल्हे त्यात समाविष्ट झाले. तथापि मानांकन नावाचे रक्षण करते, प्रत्येक जोडाची हमी मात्र माणसानेच द्यावी लागते. म्हणून नमुन्याबरहुकूम माल येतो काय, पावसाळ्यात कातडे वाळण्यास विलंब लागणार असल्यास कारागीर तसे आगाऊ कळवतो काय, आणि परत आलेला जोड विनातक्रार दुरुस्त करतो काय, या कसोट्यांना मी स्वस्त दरापेक्षा अधिक मोल देतो. इसार वेळेवर देणे आणि बाकी मुदतीत चुकती करणे हे माझेही कर्तव्यच आहे. कारण भरवशाचा पुरवठादार हवा असेल, तर आधी आपण भरवशाचे गिऱ्हाईक झाले पाहिजे.