तिला बोलू दे

चि. सौरभ यास,


तुझं पत्र पोचलं. दहावीतल्या एका मुलीची त्रिकोणमितीची शिकवणी तू घेतली आहेस. तिच्या घरच्यांना सगळ्या सूत्रांचा एक कागद हवा आहे, आणि ती स्वतः विचारते आहे की हे शिकून उपयोग काय. तू हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडलेस, पण मला ते एकच वाटतात. जिथे हात पोचत नाही, दोरी पोचत नाही, तिथे केवळ विचाराने पोचता येतं, याचा पुरावा विद्यार्थ्याला स्वतःच्या वहीत पहिल्यांदा मिळतो तो बहुधा या प्रकरणात. सूत्रांचा कागद हातात ठेवलास तर नेमका तो विचारच तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल, आणि मग उपयोगाचा प्रश्न खरोखरच निरुत्तर राहील. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की या शिकवणीत तुझं मुख्य काम सांगण्याचं नाही, तिच्या तोंडून कारणं वदवून घेण्याचं आहे.

सुरुवात साइन-कोसाइनपासून करूच नकोस. वहीवर तीस अंशांचा एक लहानसा काटकोन त्रिकोण काढायला सांग, मग त्याच्या दुप्पट, मग पानभर मोठा. प्रत्येकात कोनासमोरची बाजू मोजून तिला कर्णाने भागायला लाव. उत्तर दर वेळी अर्ध्याच्या आसपास येतं. ते का येतं, हे तिने सांगायचं. समरूपतेचं प्रकरण ती आधीच शिकली आहे, पण तिथला नियम इथे कामाला लागतो आहे हे बहुतेक मुलांच्या लक्षात येत नाही, कारण कुणी विचारतच नाही. त्रिकोण केवढाही असला तरी गुणोत्तर फक्त कोनावर ठरतं, हे एकदा उमगलं की वहीतला त्रिकोण आणि मंदिराच्या शिखरापर्यंत जाणारा त्रिकोण यांत फरक उरत नाही. पुढच्या चुकाही इथूनच सुटतात. साइन म्हणजे गुणायची एखादी संख्या असं समजून मुलं तीस अधिक तीस अंशांचा साइन काढताना अर्धा अधिक अर्धा करून एक असं उत्तर लिहितात. तू लगेच खोडू नकोस. एक उत्तर आलं तर कोनासमोरची बाजू कर्णाइतकी झाली. असा साठ अंशांचा काटकोन त्रिकोण काढून दाखव म्हणावं. तो निघत नाही हे तिलाच दिसेल. ज्या तीन नित्यसमानतांची मुलं धास्ती घेतात, त्याही पायथागोरसच्या एकाच प्रमेयाला एकेका बाजूच्या वर्गाने भागून मिळतात. तीन भागाकार तिने स्वतः केले तर पाठ करण्यासारखं फार थोडं उरतं.

आता एक गोष्ट तिच्यासमोर जरूर ठेव. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास काटकोनाचे २४ सारखे भाग केले, प्रत्येक पावणेचार अंशांचा, आणि प्रत्येक टप्प्याला अर्धज्या, म्हणजे वर्तुळातल्या त्रिकोणात कोनासमोरची बाजू, किती वाढते ते दिलं. हे फरक २२५, २२४, २२२, २१९ असे हळूहळू घटत जातात आणि शेवटी २२ व ७ वर येतात. सगळ्यांची बेरीज ३४३८, म्हणजे त्याने घेतलेली त्रिज्या. हा आकडाही मनाला येईल तसा निवडलेला नाही: वर्तुळाच्या परिघाच्या २१६०० कला (एका अंशाच्या साठ) धरल्या आणि त्यांना पायच्या दुपटीने भागलं की जवळपास एवढंच येतं. तिला पहिल्या आठ फरकांची बेरीज करायला सांग: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. येतात १७१९, त्रिज्येच्या बरोबर निम्मे. आठ टप्पे म्हणजे तीस अंश. पुस्तकातल्या तक्त्यात तीस अंशांसमोर अर्धा का लिहिला आहे, ते पंधराशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांतून तिच्या हाताने बाहेर येईल. मग विचार, पहिल्या तीस अंशांतच निम्मी उंची गाठली जाते आणि उरलेली निम्मी गाठायला साठ अंश का लागतात? वर्तुळ काढून त्यावर बोट फिरवलं की ती उत्तरापाशी पोचेल. तिथून आकाशाकडेही जाता येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस भराभर मोठा होत असतो आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो वाढतो आहे की नाही तेही कळत नाही. घटत्या फरकांचा हाच क्रम त्यामागे आहे. मला हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, आणि परीक्षेत यावर प्रश्न येत नाही म्हणून तो गाळू नयेस असं मनापासून वाटतं.

उपयोगाचं उत्तर देताना मात्र खोटं बोलू नकोस. एव्हरेस्टची कथा सांगण्यासारखी आहेच. नेपाळात शिरायला परवानगी नव्हती, म्हणून सर्वेक्षकांनी शंभर मैलांहून अधिक अंतरावरच्या मैदानांतून कोन मोजले, पृथ्वीचा बाक आणि हवेतून वाकणारा प्रकाश यांचा हिशेब धरला, आणि १८५६ मध्ये उंची जाहीर झाली ती २९,००२ फूट. गणिती राधानाथ सिकदार यांचा त्या आकडेमोडीत मोठा वाटा होता. २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८८४८.८६ मीटर आहे. दोन्हींतला फरक साधारण तीस फुटांचा. पण ती म्हणेल, मी कुठे सर्वेक्षक होणार आहे? बरोबर आहे तिचं. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करत साइनच्याच वळणाने येते, फोनमधलं जेपेग छायाचित्र कोसाइनच्या आधारे आटोपशीर केलेलं असतं, हे खरं असलं तरी दिवा लावायला आणि फोटो पाठवायला त्रिकोणमिती येण्याची गरज नाही. हे उपयोग विषयाचे आहेत, तिचे नाहीत. तिच्या वाट्याला येणारी गोष्ट वेगळी आहे. जे थेट तपासता येत नाही त्याबद्दल, जे तपासता येतं त्यावरून, पायरी न गाळता काही ठरवायचं आणि ते दुसऱ्याला पटवून द्यायचं, ही सवय. डॉक्टरला, वकिलाला, मतदाराला ती लागते. ती इतर विषयांतूनही लागू शकते, पण इथे चूक लपत नाही, आणि बरोबर असल्याची खात्री कुणाच्या शिक्क्याशिवाय करून घेता येते.

कॅल्क्युलेटर सगळं करतो, हा आक्षेप तुझ्याच पत्रात आहे. त्याला तिच्यासमोरच उत्तर दे. यंत्र अंशांऐवजी रेडियनवर ठेवून ३० चा साइन काढ, उणे ०.९८८ येतो. लघुकोनाचं हे गुणोत्तर उणे असूच शकत नाही हे जिला माहीत आहे ती थांबेल, बाकीचे तो आकडा उतरवून घेतील.

शिकवणीबद्दलही पुरावा पाहावा, नुसती भावना नको. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिलं की एकेकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक आढळला नाही, तरी फायदा मात्र टिकला. तो कशामुळे होतो, हे जास्त महत्त्वाचं. संशोधिका मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात शिकवणाऱ्यांना समजावून सांगायची मनाई करून फक्त प्रश्न विचारत राहायला सांगितलं होतं. तरी समजावून सांगितलेल्या मुलांइतकंच ही मुलं शिकली. तो विषय गणिताचा नव्हता, शरीरातल्या रक्ताभिसरणाचा होता, त्यामुळे निष्कर्ष ताणू नये. पण त्रिकोणमितीत कारणांनाच जास्त महत्त्व आहे, तिथे तो कमी लागू पडेल असं मला वाटत नाही. कारणांसकट शिकवण्याचा दाखला आपल्याकडेही आहे. संगमग्रामच्या माधवाने साइनच्या अनंत श्रेणी शोधल्या, पण त्या आपल्याला कळतात त्या बहुतांशी त्याच्या शिष्यपरंपरेमुळे, आणि त्या परंपरेतल्या ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ लिहिली तेव्हा नुसते निष्कर्ष न देता उपपत्ती सविस्तर दिल्या, त्याही मल्याळममध्ये.

यावर कुणी म्हणेल की अशी शिकवणी परवडते किती जणांना? हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ब्लूम यांचाही मूळ प्रश्न तोच होता, की एवढा फायदा सगळ्यांना देता येईल असा मार्ग कोणता. माझ्या मते लाभ पैशांत किंवा एकांतात नाही, ऐकणारं कुणी समोर असण्यात आहे. म्हणून तिची एखादी मैत्रीण आठवड्यातून एकदा फी न घेता सोबत बसली तर बसू दे. दोघींनी एकमेकींना उदाहरण समजावायचं आणि तू गप्प बसायचं. साठ मुलांच्या वर्गातही दोघादोघांच्या जोड्या करून हे जमतं. वेळ जास्त जातो हे कबूल. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तुझा वेग क्लासच्या मागे राहील आणि घरचे कुरकुरतील. त्यांना तिचे गुण हवे आहेत आणि त्यात गैर काही नाही; बोर्डाच्या परीक्षेत नित्यसमानता सिद्ध करायला येतात, उन्नत कोनाची उदाहरणं येतात, सरावाला पर्याय नाही. शेवटचे दीड-दोन महिने तो सराव वेळ लावून, भरपूर करून घे. पण कारण ठाऊक असलेल्या मुलीला परीक्षेत सूत्र आठवलं नाही तरी ते उभं करता येतं. फक्त पाठ केलेल्या मुलीची वाट तिथे बंद होते.

राहिला तो कागद. घरच्यांना नाही म्हणू नकोस. तो तिने तयार करायचा, तिच्या अक्षरात, आणि प्रत्येक सूत्रापुढे ते कुठून आलं ते एका ओळीत लिहायचं. ज्या सूत्रापुढची जागा कोरी राहील, पुढचा तास तिथून सुरू कर.

तुझा,
काका