तेंदूच्या पानाचे देणे

मे महिना पवित्र मरियेचा. आमच्या लामत्यात तो तेंदूपानांचाही महिना असतो. लहानपणी कोंबडा आरवण्यापूर्वी आई आम्हां भावंडांस उठवी व जंगलाची वाट धरी. उन्हे चढण्याच्या आत पाने तोडावयाची, दुपारी ओसरीवर बसून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधावयाच्या आणि सायंकाळी फडावर नेऊन मुन्शीकडून मोजून घ्यावयाच्या, असा आमचा नित्यक्रम असे. गड्ड्या बांधता बांधता आई जपमाळेची प्रार्थना म्हणे. मणी सरावेत तशी पाने सरत. माझ्या शाळेची पुस्तके त्या पानांतून आली.

बाबा बिडी ओढीत. त्यांचा कट्टा दुकानातून आणण्याचे काम माझ्याकडे असे. अखेरची दोन वर्षे खोकल्यामुळे त्यांना आडवे होता येईना. अंगणातल्या खाटेवर बसूनच ते रात्र काढीत. ज्या पानाने मला शिकविले, त्याच पानात गुंडाळलेल्या तंबाखूने माझे वडील नेले. हे कोडे मी आजवर मनात वागवीत आलो आहे.

सरकारचा हात या व्यवहारात फार जुना आहे. तंबाखूवर अबकारी कर बसला तो इंग्रजी अमलात, 1943 साली. तेंदूपानांचा व्यापार मध्यप्रदेश सरकारने 1964 च्या कायद्याने आपल्या हाती घेतला. पुढे सहकारी समित्यांमार्फत पाने गोळा होऊ लागली व नफ्याचा मोठा वाटा तोडणाऱ्यांस मिळू लागला. एक हजार गड्ड्यांचा, म्हणजे पन्नास हजार पानांचा, एक मानक बोरा होतो. 2024 साली त्याचा दर तीन हजारांवरून चार हजार रुपये झाला. म्हणजे पन्नास पाने तोडून, जुळवून, बांधून दिली की हाती चार रुपये पडतात.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला. सिगारेटवर 28 टक्के कर व त्यावर आणखी उपकर बसला. बिडीवर 28 टक्केच राहिले, उपकर नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कर परिषदेने सिगारेट व गुटख्यासाठी 40 टक्के दर ठरविला, बिडीचा दर मात्र 18 टक्क्यांवर आणण्याचे ठरविले, आणि तेंदूपानाचा 18 वरून 5 वर. पानावरचा कर उतरला याचा मला आनंद झाला. बिडीवरचा उतरला याचा आनंद मानावा की नाही, हे मला ठरविता येईना.

रविवारी मिस्सानंतर एक वयोवृद्ध काका म्हणाले, “मास्तर, बिडी महागली तर गरिबाचेच पोट कापले जाते.” बोलणे खोटे नव्हे. परंतु 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी 4 टक्के लोक सिगारेट ओढणारे आढळले, तर बिडी ओढणारे 7.7 टक्के. बिडीचा धूर सिगारेटच्या धुराहून सौम्य नाही. मग गरिबाचे विष स्वस्त ठेवणे ही दया कशी म्हणावी? दया करावयाचीच तर ती पाने तोडणाऱ्या व बिड्या वळणाऱ्या हातांवर करावी. 1976 च्या कायद्याने बिडीवर एक लहानसा उपकर बसविला होता. त्यातून बिडी कामगारांसाठी दवाखाने व त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळत. 2017 साली तो उपकर गेला. कर घेतला आणि त्यातला काही ज्याच्या घामाचा त्यालाच परत दिला, ही रीत मला न्यायाची वाटते.

यात आपणही सोवळे नाही. 1863 साली खुद्द रोममध्ये पोप नववे पायस यांनी तंबाखूचा कारखाना उभारला होता. पण पोप फ्रान्सिस यांनी 2018 पासून व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री थांबविली. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याला अपाय करणारा पैसा नको, असा त्यांचा निर्णय होता. चूक उमगल्यावर हाती येणारे उत्पन्न सोडणे हाच खरा पश्चात्ताप होय.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने आपल्या बारा वर्षांच्या मुलास बिडी आणावयास पाठविले. मी मुलाला दारातूनच परत बोलाविले. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकू नये, असा 2003 चा कायदा आहे. भाऊ रागावून म्हणाला, “दादा, पाने तोडताना लाज वाटली नाही, आता ओढताना वाटावी होय?” मजपाशी उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, “बाबांचा कट्टा मीच आणीत असे रे.” तो गप्प झाला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

भावाची बिडी अजून सुटलेली नाही. पण तेव्हापासून तो मुलाला दुकानी पाठवीत नाही. स्वतः चालत जातो, आणि परवा म्हणाला की आता रोज जात नाही. सरकार कर बसवील, कट्ट्यावर इशारा छापील. पण मुलाच्या हाती पैसे देऊन त्याला दुकानाकडे धाडणारा हात आपल्या घरातला असतो, आणि तो तेथेच आवरावा लागतो. या मे महिन्यात जपमाळ म्हणताना, पाने तोडणाऱ्या मातांबरोबर खाटेवर बसून रात्र काढणाऱ्या बापांचीही आठवण आपण ठेवूया.