तोच खोलीत आला

गेल्या वर्षी आमच्या काकू गेल्या. नव्वदी गाठून गेल्या, म्हणून कुणी फार हळहळलं नाही. पण ग्रहणाची बातमी आली की मला अजून त्यांचीच आठवण होते.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमची बिऱ्हाडं समोरासमोर होती. काकू ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या सभासद. 1944 साली पुण्यात सुरू झालेली, आकाशाची हौस असणाऱ्यांची ही संस्था. सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की काकू दुर्बीण घेऊन गच्चीवर. त्यांची वही पुढून उघडली तर दुधाचा हिशोब, मागून उघडली तर ताऱ्यांच्या नोंदी! तिमिंगल तारकासमूहातला मीरा तारा सुमारे 332 दिवसांत तेजस्वी होतो, पुन्हा दिसेनासा होतो. त्याच्यावर त्यांचा भारी जीव. म्हणायच्या, "अगं, माहेरवाशीण आहे ती. वर्षाकाठी एकदा येते."

16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण होतं. रायचूरला खग्रास, पुण्यात खंडग्रास. मला तेव्हा सातवा महिना. सासूबाईंनी बजावलं, विळीला हात लावायचा नाही, दारं-खिडक्या लावून पडून राहायचं. ह्यांनी मान खाली घातली. मला रडू येत होतं. श्रद्धेपेक्षा भीतीच जास्त. माझ्या हातून काही चुकलं आणि बाळाला काही झालं तर?

काकू आदल्या दिवशी रायचूरला निघाल्या होत्या. जाता जाता डोकावल्या. सासूबाईंशी वाद घातला नाही. मला हळूच म्हणाल्या, "ग्रहणानं बाळाला काही होत नाही गं. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघणं मात्र कुणालाच बरं नाही. पश्चिमेच्या खिडकीच्या फटीवर जाड कागद लाव, टाचणीनं भोक पाड. तू नको बघायला जाऊस, तोच खोलीत येईल."

दुपारी अंधाऱ्या खोलीत फरशीवर चार आण्याच्या नाण्याएवढा उजेडाचा गोल पडला. बघता बघता त्याचा एक तुकडा कमी झाला, मग अर्धा, मग बीजेची कोर! मी भीती विसरून बघतच राहिले. एवढ्यात दार लोटून सासूबाई आत आल्या. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. पण त्या माझ्याशेजारी खाली बसल्या. कोर पुन्हा भरू लागेपर्यंत उठल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी दाखवलं नाही हो."

काकू परतल्या, तेव्हा सासूबाईंनीच त्यांना चहाला बोलावलं. भरदुपारी अंधार कसा झाला, पाखरं घरट्याकडे कशी वळली, तीन मिनिटंही न टिकलेलं ते दृश्य कसं होतं, हे पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला तिला पहिल्यांदा काकूंच्या मांडीवर ठेवलं, तेही सासूबाईंनी.

काकूंच्या सुनेनं ती वही आता मला दिली आहे. 2 ऑगस्ट 2027 चं ग्रहण आपल्याकडे खंडग्रास दिसायचं आहे. आषाढातले ढग आड येतीलच म्हणा! तरी नातीसाठी एक जाड पुठ्ठा आणि टाचणी मी वहीत जपून ठेवली आहे.