खाली उतरण्याची सोय

३८ सामने, २७ विजय, १० बरोबऱ्या, एकच पराभव आणि ९१ गुण. इटलीच्या सेरी ए या अव्वल फुटबॉल लीगमध्ये २००५-०६ च्या हंगामातली ही युव्हेंटसची कमाई. त्याच हंगामाचा अधिकृत गुणतक्ता उघडला तर हा संघ विसाव्या, म्हणजे अगदी तळाच्या जागेवर सापडतो. आणि ७६ गुण मिळवून मैदानावर तिसरा आलेला इंटर विजेता म्हणून पहिल्या ओळीत दिसतो. वीस वर्षं होत आली, तरी हा तक्ता माझ्या गळी उतरत नाही. तुरीनच्या एका क्लबाचं दुखणं वर्ध्यात कशाला उगाळायचं, असं कुणीही विचारेल. विदर्भातला एकही क्लब आजवर देशाच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये खेळलेला नाही, मग इटलीच्या तक्त्याशी आपलं काय देणंघेणं? माझं म्हणणं असं की, आपला क्लब तिथे का पोचत नाही याचं निम्मं उत्तर त्याच तक्त्यात आहे. आणि ते उत्तर माझ्या रागाच्या नेमकं उलट जाणारं आहे, म्हणूनच ते नीट मांडायला हवं.

प्रकरण फुटबॉल पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. मे २००६ मध्ये तपास यंत्रणांनी टिपलेली फोनवरची संभाषणं इटलीच्या वृत्तपत्रांत छापून आली. युव्हेंटसचे सरव्यवस्थापक लुचानो मोज्जी सामन्यांवर पंच नेमणाऱ्या पैरेत्तो आणि बेर्गामो यांच्याशी परस्पर बोलत होते, कोणत्या सामन्याला कोणता पंच हवा याची चर्चा करत होते. युव्हेंटसबरोबर मिलान, फिओरेंटिना, लाझिओ आणि नंतर रेजिना हे क्लबही गोवले गेले. ९ जुलैला बर्लिनमध्ये इटलीनं फ्रान्सला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजू मिळून युव्हेंटसचे आठ खेळाडू मैदानात उतरले होते. पाचच दिवसांनी, १४ जुलैला, क्रीडा न्यायालयाचा पहिला निकाल आला. अपिलांनंतर चित्र असं ठरलं: युव्हेंटसची २००४-०५ आणि २००५-०६ ही दोन्ही विजेतेपदं गेली, क्लब सेरी बी या दुसऱ्या श्रेणीत गेला आणि तिथेही त्याची सुरुवात उणे गुणांनी झाली. मिलान, फिओरेंटिना आणि लाझिओ यांचे आदल्या हंगामाचे प्रत्येकी ३० गुण कापले गेले, नव्या हंगामातही त्यांना वजाबाकीच आली, पण ते पहिल्या श्रेणीत राहिले.

माझी तक्रार शिक्षेबद्दल नाही, तिच्या जमाखर्चाबद्दल आहे. ज्या संभाषणांवर सगळं प्रकरण उभं राहिलं, ती २००४-०५ च्या हंगामातली होती. म्हणजे पुरावा ज्या हंगामाचा, त्या हंगामाचं विजेतेपद काढून घेतलं आणि ती जागा रिकामी ठेवली. कुणालाच दिली नाही. हे समजू शकतं. गढूळ झालेल्या हंगामात दुसरा आलेला तरी स्वच्छ कशावरून? पण ज्या २००५-०६ च्या हंगामाची तशी संभाषणं पुढे आली नव्हती, त्याचं विजेतेपद मात्र काढून थेट तिसऱ्याच्या हाती ठेवलं. दुसऱ्या आलेल्या मिलानचे ८८ गुण होते, कपातीनंतर ५८ उरले. म्हणून इंटर पहिला. एकाच निकालाच्या पोटात हे दोन न्याय कसे? त्यात निर्णय घेणारे महासंघाचे हंगामी प्रशासक गुइदो रोसी हे पूर्वी इंटरच्याच संचालक मंडळावर होते. पुढे २०११ मध्ये महासंघाच्या अभियोक्त्यानं अहवाल दिला की इंटरचे तेव्हाचे अध्यक्ष जाचिंतो फाकेत्ती यांचीही पंच नेमणाऱ्यांशी बोलणी झाली होती आणि ती नियमभंगात बसत होती. पण मुदत उलटून गेली होती. फाकेत्ती २००६ च्या सप्टेंबरमध्येच वारले होते, त्यामुळे त्यांना उत्तर देण्याची संधी नव्हती; हेही न्यायाच्या बाजूनं नोंदवायला हवं. महासंघानं विजेतेपद मागे घेण्याचा अधिकार आपल्याला नाही असं सांगून हात वर केले. नेपल्सच्या न्यायालयात मोज्जींना २०११ मध्ये शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण मुदतीच्या मुद्द्यावरच संपलं. दोन्हीकडे मुदतच संपली. इंटरच्या नावापुढची ती ओळ मला पटत नाही ती यामुळे. रिकामी जागा ही कधी कधी सगळ्यांत प्रामाणिक नोंद असते, आणि ती प्रामाणिकता एका वर्षापुरतीच दाखवली गेली.

आता याच तक्त्याची तळाची ओळ. देशातला सर्वाधिक विजेतेपदांचा, सर्वांत मोठ्या चाहतावर्गाचा क्लब. विश्वविजेत्या संघाचा कर्णधार कानावारो त्याचाच. हा क्लब खाली ढकलला तर लीगचा पैसा आटेल, प्रेक्षक दूर जातील, हे निर्णय घेणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. तरीही तो खाली गेला. कानावारो, इब्राहिमोविच, झाम्ब्रोता, थुराम निघून गेले. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे, कामोरानेसी थांबले. सप्टेंबर २००६ मध्ये रिमिनी या छोट्या क्लबाशी पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. देल पिएरोनं त्या हंगामात लीगमध्ये २० गोल केले, युव्हेंटसनं सेरी बी जिंकली आणि २००७ मध्ये तो वर आला. २०११-१२ मध्ये तर एकही सामना न हरता विजेता ठरला. दुसऱ्या टोकाला मेसिना. मैदानावर तो अठरावा आला होता, खाली जाणार होता. युव्हेंटस उतरला म्हणून तो वाचला आणि पुढच्याच हंगामात शेवटचा येऊन खाली गेलाच. उपकारानं मिळालेली जागा एक वर्ष टिकली. वर-खाली जाण्याच्या या शिडीवर दोघांनाही तोच नियम लागू झाला.

आणि फिओरेंटिना? या क्लबाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. २००२ मध्ये हा क्लब दिवाळखोरीत गेला आणि नव्या नावानं चौथ्या श्रेणीत पुन्हा उभा राहिला. तिथून वर येताना त्याला एका श्रेणीची उडीही मिळाली, हे मान्य. पण २००४ मध्ये तो सेरी एमध्ये परतला तो पात्रता सामने खेळून. २००५-०६ मध्ये लुका तोनीच्या ३१ गोलांच्या जोरावर चौथा आला, शिक्षेनं ७४ गुणांचे ४४ झाले आणि नवव्या जागी घसरला. पुढच्या हंगामात १५ गुण वजा होऊनही सहावा आला. हाच फिओरेंटिना २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीचा भागीदार झाला. इटालियन प्रशिक्षक फ्रँको कोलोम्बा आले, त्रेझेगे बालेवाडीच्या मैदानावर पुण्याच्या शर्टात खेळला. पण हा क्लब कुठूनही चढून आला नव्हता. त्याला पहिल्या दिवसापासून पहिली श्रेणी मिळाली, आणि कितीही हरला तरी ती जाणार नव्हती. २०१९ मध्ये क्लब मिटला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबानं घेतली. चौथ्या पायरीवरून चढून आलेला भागीदार अजून उभा आहे, सुरक्षित जागेवर बसवलेला क्लब पाच हंगामांत गेला. हा फरक मला योगायोग वाटत नाही.

याहून बोचरं उदाहरण त्याच वर्षातलं आहे. २००५-०६ मध्ये, तुरीनमध्ये तो ९१ गुणांचा हंगाम चालू होता तेव्हा, आपल्याकडे राष्ट्रीय फुटबॉल लीग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं जिंकली. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. त्या स्पर्धेच्या इतिहासात विजेता झालेला महाराष्ट्राचा हा एकमेव क्लब, १९६२ पासूनचा. तो कधी तळाला जाऊन बुडाला नाही. २००९-१० च्या हंगामाअखेरीस कंपनीनं संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं ठरवलं. कंपनीचा निर्णय कंपनीचा. त्यात बेकायदा काही नाही. पण दोन विजेते शेजारी ठेवून पाहा. एकाला गुन्ह्यासाठी खाली ढकललं, तो परत आला. दुसऱ्यानं काहीच गैर केलं नाही, तो नाहीसा झाला. खाली गेलेल्याला वर येण्याचा रस्ता नियमात लिहिलेला असतो, बंद झालेल्याला तो नसतो.

यावरचा पहिला आक्षेप पैशाचा. खाली जाण्याची टांगती तलवार असेल तर आपल्याकडे गुंतवणूकदार येणार नाहीत, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तलवार नव्हती, तरी पुण्याचा क्लब गेला आणि दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. २०२५ च्या जुलैत तर लीग चालवण्याचा करारच संपत आला म्हणून पुढचा हंगाम स्थगित झाला. तेव्हा संरक्षण दिलं की स्थैर्य येतं, हे आपल्याच अनुभवानं खोटं ठरवलं आहे. दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. खाली जाण्याची भीतीच भ्रष्टाचार घडवते, आणि पुरावा पुन्हा फिओरेंटिनाचाच: २००४-०५ मध्ये तो तळाशी झुंजत होता, शेवटच्या दिवशी वाचला, आणि त्या धडपडीतल्या मदतीच्या बोलण्यांबद्दलच त्याला शिक्षा झाली. हे खरं आहे आणि मी ते झटकणार नाही. पण याच प्रकरणातला मुख्य आरोपी तळाशी नव्हता, शिखरावर होता. लोभ भीतीपेक्षा लहान नसतो. शिडी काढून टाकली तर भीती जाईल; लोभ जाणार नाही, आणि शिक्षा देण्यासाठी खाली पायरीही उरणार नाही.

शिडी नसल्यानं काय होतं ते गोव्यात दिसलं. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, कारण इंडियन सुपर लीग वर आणि आय-लीग खाली अशा नव्या रचनेत कितीही जिंकलं तरी वर जायला दार नव्हतं. त्यांच्या जाण्यानं, नुकत्याच खाली गेलेल्या मिझोरमच्या ऐझॉलला परत घेतलं गेलं आणि २०१६-१७ मध्ये ऐझॉल चक्क विजेता झाला. मेसिनालाही अशीच संधी मिळाली होती, ऐझॉलनं तिचं सोनं केलं. तरी वरच्या लीगचं दार त्याला उघडलं नाही. पुढे पंजाब आणि मोहमेडन जिंकून वर आले, म्हणजे चढायची वाट एकदाची झाली. पण २०२४-२५ मध्ये मोहमेडन तळाला राहिला तरी कुणी खाली गेलं नाही. एकाच दिशेनं जाणारी शिडी लवकरच भरून जाते.

आपल्या जिल्ह्याचा संबंध इथे येतो. विदर्भाला शिडी म्हणजे काय हे नव्यानं शिकवायला नको. रणजी करंडकात विदर्भ कितीतरी वर्षं प्लेट गटात खेळला, चढला, आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा विजेता झाला. क्रिकेटमागे पैसा आहे, असं उत्तर येईल. पण प्लेट गटातून वर येण्याचा नियम पैशानं केला नव्हता, तो कागदावर होता आणि पाळला गेला. आपल्याकडचं फुटबॉल मात्र मुख्यतः बाद पद्धतीच्या चषकांवर चालतं. एक पराभव, संघ घरी, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा शून्यावर. अशा स्पर्धेला आठवण नसते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा दिलबहारच्या सामन्याला गर्दी होते, ती त्या पेठेचा संघ वर्षामागून वर्ष लीगमध्ये दिसतो म्हणून. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या संघांची दोन विभागांची जिल्हा लीग करायला परदेशी प्रशिक्षक लागत नाही. दरवर्षी दोन संघ वर, दोन खाली, आणि तो नियम कुणासाठीही न वाकवणं, एवढंच लागतं. हे शेवटचंच अवघड आहे. पहिल्याच वर्षी कुणातरी वजनदार माणसाचा संघ तळाला येईल आणि यंदापुरतं राहू द्या, असा निरोप येईल. त्या निरोपाला काय उत्तर मिळतं यावर त्या लीगचं आयुष्य ठरेल.

इंटरला दिलेलं विजेतेपद मला आजही चुकीचं वाटतं, आणि जे थांबले त्या खेळाडूंनी दुसऱ्यांच्या फोनची किंमत मोजली हेही. त्या निकालाची बाजू घ्यायची नाही असं मी इतकी वर्षं धरून होतो. वर लिहिलेलं वाचलं तर मी त्याचीच साक्ष काढत आलो आहे, हे मलाही दिसतं. पुलगावचा एखादा नावाजलेला संघ यंदा दुसऱ्या विभागात गेला, त्याचे खेळाडू थांबले, आणि पुढच्या मोसमात तो जिंकून वर आला, एवढी चार ओळींची बातमी जिल्ह्याच्या पानावर वाचायला मिळावी, अशी माझी इच्छा आहे.