अम्मीची बाटली आणि जीपचे पंखे

आलापल्लीहून चंद्रपूरला जायचं म्हणजे आष्टी, गोंडपिपरी, कोठारी, बल्लारपूर असा शंभरावर किलोमीटरचा रस्ता. महिन्यातून एकदा आम्ही तो करतोच, कारण अम्मीचे किडनीचे डॉक्टर चंद्रपुरात आहेत. गाडी म्हणजे अब्बांची जुनी डिझेल जीप. अब्बा गेले, जीप राहिली. शाळेतले सहकारी म्हणतात, "सर, विका आता." मी हो म्हणतो आणि विकत नाही.

गेल्या मे महिन्यात आष्टीच्या अलीकडे सूरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांमागे अडकलो. वर ऊन, खाली तांबडी धूळ. पहिल्या गिअरमध्ये रांगता रांगता काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. घाई होती, अम्मी मागे बसलेली होती. मी फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वरही पाणीच राहतं आणि झाकण निघालं की उकळून उसळतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. डाग अजून आहे.

कॅनमध्ये पाणी दोन लिटर होतं. ते इंजिन निवल्यावर घातलं, तरी रेडिएटर भरेना. तेव्हा अम्मीनं आपली बाटली पुढे केली. डॉक्टरांनी तिला दिवसभराचं पाणी मोजून दिलंय. त्या बाटलीतलं ती घोट घोट पुरवते. म्हणाली, "डाल दे बेटा. गाडी चलेगी तो मैं भी चलूँगी."

मी ती घेतली नाही. पण हात पुढे गेला होता, हे तिनंही पाहिलं आणि मीही.

शेवटी रांगेतल्याच एका ट्रकच्या ड्रायव्हरनं पाच लिटरचा कॅन दिला. पैसे विचारले तर हसला.

चंद्रपुरात तपासणी झाल्यावर जीप मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी रेडिएटरच्या पुढे हात फिरवून दाखवला. तळवा गेरूसारखा लाल. "सर, पंखा नंतर. आधी हिला आंघोळ घाला." रेडिएटर उतरवून, पाण्याची धार मागून पुढे मारून त्यांनी जाळी धुतली. किती माती निघाली म्हणून सांगू!

मग पंखा. आमच्या जीपचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद. मोकळ्या रस्त्यावर हे खपून जातं, कारण समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. ट्रकामागे रांगताना वारा नसतो आणि नेमका तेव्हाच पंखाही सुस्तावतो. विजेच्या पंख्याला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नाही.

मिस्त्रींनी जुना पंखा काढला, पट्टा मात्र ठेवला, कारण पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच चालतात. रेडिएटरच्या मागे पत्र्याची चौकट करून मारुतीचे दोन जुने पंखे बसवले. मी खर्च वाचवायला म्हटलं, "डॅशबोर्डवर एक साधं बटण द्या, मी चालू-बंद करीन." ते म्हणाले, "माणूस विसरतो." म्हणून पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की आपोआप जोडणारा थर्मो स्विच आला. माझं बटणही त्यांनी दिलं, पण स्विच बिघडलाच तर वापरायला. प्रत्येक पंख्याला वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा चालेल. फ्यूज बॅटरीजवळच हवा, नाहीतर मधली वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागते. वायर जाड हवी. आणि अल्टरनेटरला हा बोजा, रात्रीच्या दिव्यांसह, पेलतो का ते मीटर लावून पाहिलं. आमचा कसाबसा पेलतो.

पंधरा दिवसांनी गाडी धुताना एका पंख्याच्या वायरी माझ्या हातून निघाल्या. मीच पुन्हा जोडल्या. पंखा फिरला, मी खूश. पण काटा वर. फोनवर मिस्त्री म्हणाले, जाळीपुढे कागद धरा. शाळेची जुनी प्रश्नपत्रिका धरली. एका बाजूला ती जाळीला चिकटली, दुसऱ्या बाजूला फडफडत माझ्या अंगावर आली. धन-ऋण उलटं जोडलेलं. पंखा इंजिनची गरम हवा बाहेर ढकलत होता.

"सर, पंखा मराठीत फिरतो, तुम्ही उर्दूत जोडलात," मिस्त्री म्हणाले. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

पुढच्या फेरीत पुन्हा तीच रांग, तेच ट्रक. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि पुढून घुंऽ असा आवाज झाला. अम्मी दचकली. सांगितल्यावर ती पंखा किती वेळा सुरू होतो ते बोटांवर मोजत बसली. आष्टीच्या पुलापर्यंत सात वेळा.

आता तिच्या पिशवीत दोन बाटल्या असतात. एकीवर तिनं माझ्याकडून उर्दूत लिहून घेतलंय: गाडी.